बाहेरचं कुलूप आत्याचं

आमच्या आत्याला फोन करायचा म्हणजे आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागायचं. फोनवर माझं नाव उमटलेलं आहे, आवाज माझा आहे, मधला खोकला तर थेट आमच्या बाबांचा आहे, पण यातल्या कशावरही तिचा विश्वास नव्हता.

"तूच कायवरून?"

"आत्या, मीच बोलून राहिलो ना."

"असं तं कोनीही म्हनते. सांग, लहानपनी कोन्या झाडावरून पडला होतास?"

"मोहाच्या."

"खाली काय होतं?"

"शेण."

"हां. बोल आता बाबू, काय म्हनतं?"

गोंदियात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. समोर गिऱ्हाइकं आधार कार्डं घेऊन उभी असायची आणि मी फोनवर गंभीरपणे 'शेण' म्हणत असायचो. बरं, एकदा उत्तर दिलं म्हणजे सुटलो असंही नाही. प्रश्न दर वेळी नवा. आमची ही म्हणायची, "तुमच्या आत्याला फोन करण्यापेक्षा बसनं जाऊन भेटून या. तिकिटाला कोणी प्रश्न विचारत नाही."

आत्यानं गोंदियाच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही नागपूरला फ्लॅट घेईल. तिनं आमगावच्या पुढचं आमचं गाव धरलं. तलावाच्या पाळीला लागून दोन खोल्या बांधल्या आणि दाराला असं कुलूप लावलं की ते बघूनच चोराला आपल्या धंद्याची लाज वाटावी. गाव तिला 'मॅडमबाई' म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. माझ्या लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आत्या, तू लग्न काऊन नाही केलं?"

"एक आला होता पाहाले. चांगला होता. चहा पिता पिता म्हने, लग्नानंतर आपल्यात काही झाकलेलं नको. मी म्हनलं, मंग राहू दे."

तिचा लॅपटॉप वजनानं जात्याच्या तळीसारखा होता. बटणांवरची अक्षरं पार पुसून गेली होती आणि तिला त्याचं काही नव्हतं, उलट आनंदच होता. पडद्यावर चित्र नाही, रंग नाही. काळी पाटी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. माऊस तिनं कधी लावला नाही. "ढकलगाडी चालवाले येळ नाही मले," म्हणायची. मनात असेल ते एका ओळीत टाइप करायचं आणि एन्टर दाबायचं. परवलीचे शब्द टाइप करताना मात्र ती पदर ओढून दोन्ही हात झाकून घ्यायची. घरात एकटी असली तरी. भिंतीवर आरसा होता, तो त्या वेळेपुरता उलटा व्हायचा.

आमचा मोठा चुलतभाऊ गावात शेती बघतो. सगळ्या घराची कागदपत्रं, वीजबिलाची खाती, बँकेचे परवलीचे शब्द आत्याकडे असायचे, कारण दादाच्या हातात कागद टिकत नाही. एकदा आत्या गावच्या बायांबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडला, महादेवाला गेली होती. ती अर्ध्या चढावर असताना दादाचा फोन गेला, बिलाच्या खात्याचा पासवर्ड सांग. आत्या म्हणाली, "खाली उतरल्यावर." दादा म्हणाला, लाईन कापायला माणूस दारात उभा आहे. आत्या म्हणाली, "त्याले चहा पाज." बायांच्या गर्दीत ती तो शब्द उच्चारणार नव्हती. घरात एक रात्र कंदील लागला. दादा ती गोष्ट अजून सांगतो, आणि दर वेळी कंदील आणखी जुना होत जातो.

मला तिनं आपल्या या कुलपांच्या कारभारात का ओढलं, हे मी तिला विचारलं होतं. "तू घाबरट आहेस," ती म्हणाली. "घाबरट मानूस चावी हरवत नाही. दिवसातून चारदा खिसा चाचपते."

तर तिची पद्धत अशी होती. प्रत्येक गुपिताची एक वेगळी फाईल. पासवर्ड असो, सातबाऱ्याचा फोटो असो, नाहीतर कोणाचं ध्वनिमुद्रण असो, प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे कुलूपबंद करून आपापल्या फोल्डरमध्ये ठेवायची. एक ओळ टाइप केली की सगळ्या फायलींचं झाड पडद्यावर उभं राहायचं, फांद्या-उपफांद्यांसकट. दुसरी ओळ टाइप केली की हवी ती फाईल उघडायची. पण कोणती फांदी कोणाच्या चावीनं उघडेल, हे प्रत्येक फांदीला आधीच सांगून ठेवलेलं. चावी म्हणजेसुद्धा एक फाईलच. माझी चावी तिनं एका पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्या स्कूटरच्या किल्लीला अडकवून दिली. आणि त्या चावीलाही वर एक परवलीचं वाक्य, जे फक्त माझ्या डोक्यात.

ते वाक्य ठरवताना माझी शोभा झाली. मी खूप विचार करून बायकोचं नाव आणि लग्नाचं साल असं गुप्त जोडकाम केलं. आत्या तेव्हा वांगी चिरत होती. मान वर न करता तिनं ते पहिल्याच झटक्यात ओळखलं. "हे तं तुया गल्लीतला कुत्राही ओळखीन." मग मी एक असं वाक्य बनवलं की ज्याच्या एका शब्दाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. ते इथे सांगणार नाही, पण त्यात एक बदक आहे, हेसुद्धा मी सांगायला नको होतं.

मग मी सरावासाठी पहिली फाईल केली. दादाच्या म्हशीच्या व्यवहारात मी थोडं जास्त बोललो होतो, त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, कुलूपबंद केल्या आणि फाईलला नाव दिलं: 'दादाला सांगायचं नाही'. आत्यानं झाड उभं केलं. मधोमध, सगळ्यांना वाचता येईल असं, 'दादाला सांगायचं नाही'.

तिनं त्या नावावर बोट ठेवलं. "बाबू, पेटीले कुलूप लावलं आन पेटीवर भोंगा बसवला. आतलं कोनाले दिसत नाही, पन फायलीचं नाव सगळ्याइले दिसते. दादानं हे झाड पाह्यलं तं तुले आधी मारीन, आन मंग इचारीन आत काय आहे."

त्या दिवसापासून तिनं मला फायलींना धानाची नावं द्यायला लावली. चिन्नोर, हिरानखी, लुचई, दुबराज. "धानाच्या गावात धानाच्या नावाकडे कोनी दुसऱ्यांदा पाहात नाही."

आणखी एक पराक्रम राहिलाच. मी एकदा ती फाईल उघडली, वाचली आणि घाईत उघडीच लॅपटॉपवर ठेवून जेवायला गेलो. हात धुऊन आलो तर आत्या ताटावरून उठून लॅपटॉपसमोर बसली होती. "उघडायचं, वाचायचं, बंद करायचं. उघडी प्रत मागं ठेवायची नाही. चूल इझवल्यावर राख काढून टाकतेत तशी." त्या जेवणात मला वरण दुसऱ्यांदा मिळालं नाही.

सगळ्यात मोठा तमाशा झाला दवनीवाड्याला, नात्यातल्या एका लग्नात. माझी चावी खरोखर माझीच आहे ना, मधल्या मध्ये कोणी बदलली तर नाही, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी चावीचा एक लांबलचक अंगठा असतो, म्हणजे ओळखीचा ठसा, आकडे आणि अक्षरं मिळून. तो फोनवर चालत नाही. समोरासमोर वाचायचा. आणि आमची समोरासमोर गाठ पडली थेट मांडवात. एका हातात ताट घेऊन मी मोठ्यानं वाचत होतो, ती आपल्या कागदाशी ताडून बघत होती. नवरदेवाकडचा एक म्हातारा माणूस वाढप्याला म्हणाला, "थो कोन आहे जी? मंत्र म्हनून राहिला काय?" वाढपी म्हणाला, "लॉटरी लागली वाटते." मी शेवटचं अक्षर वाचेपर्यंत जिलेबी संपली होती.

हे सगळं वेड मला तिचं एकटीचं वाटायचं. पण आमच्या गावात ते फार जुनं आहे, हे मला तिनंच दाखवलं.

आमचा तलाव आमच्याच लोकांनी बांधला. आमच्या जातभाईंना या मुलखात तलाव बांधणारे म्हणूनच ओळखतात. पाळीत पाणी सोडायचं एक दार आहे. त्याला फिरवायचं लोखंडी हँडल पिढ्यान् पिढ्या आमच्या घरी असतं. त्या दाराच्या कुलपाची चावी मात्र पलीकडच्या, मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यात एका घरी असते. त्या घराला गाव 'चावीघर' म्हणतं. धानाला पाणी हवं असतं, माशांना पाणी राहायला हवं असतं. म्हणून दोन्ही घरं पाळीवर आली तरच दार उघडायचं. भांडण झालं तर पाळीवर उभं राहून भांडायचं, पण एकानं दुसऱ्याला न विचारता पाणी सोडायचं नाही.

आत्यानं हेच फायलींना लावलं. ज्या फायली स्वतःच्या नाहीत, दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलेल्या आहेत, त्या तिनं दोनदा कुलूपबंद केल्या. आतलं कुलूप माझ्या चावीचं, बाहेरचं तिच्या चावीचं. एकटी ती उघडू शकत नाही. एकटा मीही नाही. "माह्यावरही भरवसा नाही का तुया?" मी विचारलं. "माहा माह्यावरच नाही," ती म्हणाली. "मी म्हातारी झाली. उद्या कोनी गोड बोलून इचारलं तं?" आत्याला कोणी गोड बोलून काही विचारलं आणि ते मिळालं, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मग ती उसन्याची भानगड सुरू झाली.

गावाच्या वरच्या अंगाला एका शेठची राईस मिल आहे. शेठ गोंदियाचा. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करताना धान हौदात भिजवतात, आणि त्या भिजवणीचं पाणी असं आंबतं की नाकाला रुमाल लावूनही पुरत नाही. ते पाणी साफ करून सोडायचं असतं. एका उन्हाळ्यात तलाव काळपट झाला, फेस आला, आणि एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. मिलवाले म्हणाले, आमचं पाणी आमच्या टाकीत आहे, येऊन बघा. आणि खरंच, टाकी भरलेली होती.

आत्यानं जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार केली, स्वतःच्या नावानं, फोटोंसकट. तिच्यात एक वाक्य असं होतं की शेठचा चहा तिथेच थंड झाला असणार. मिलच्या मागे कोंड्याचा ढीग आहे, त्या ढिगाखालून एक पाईप तलावाला येणाऱ्या नाल्यात जातो.

कोंड्याच्या ढिगाखालचं बाहेरच्या माणसाला कळणं शक्यच नाही. ते फक्त कोंडा वाहणाऱ्या बायांनाच माहीत. म्हणजे कामावरच्या बायांपैकी कोणीतरी बोललं होतं.

बोलल्या होत्याच. आधार कार्डाचं काम आहे म्हणून एकेक बाई दुपारी आत्याकडे यायची, आत्या दार लावायची आणि तिचं बोलणं लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची. फायलींना धानाची नावं. दोन कुलपं. माझं कुलूप दाबकुलपासारखं होतं, लावायला मी लागत नाही, उघडायलाच लागतो, म्हणून कोणती बाई कोणता धान आहे हे मलाही माहीत नव्हतं. आत्यानं प्रत्येकीला शब्द दिला होता: तू म्हणशील तेव्हाच उघडीन, तू म्हणशील त्याच्याचसमोर.

शेठनं सोपा उपाय काढला. नावं सांगा, नाहीतर सोमवारपासून या गावातली एकही बाई मिलमध्ये नको. बाकीच्या गावांतून गाड्या आणतो.

दादाचा फोन आला. "तू ये. तुयी आत्या गाव बुडवाले बसली. शेठ सोता येऊन राहिला." मी ऊन डोक्यावर आलेलं असताना आमच्या आंगणात पोचलो. शेठ खुर्चीवर. दादा त्याच्या शेजारी, अर्धा उभा अर्धा बसलेला. कडेनं गावातले लोक, आणि पाळीच्या बाजूला बाया, पदर तोंडावर. मिलमध्ये जाणाऱ्या सगळ्याच होत्या, त्यामुळे बोललेल्या कोणत्या आणि न बोललेल्या कोणत्या हे ओळखायचं साधन नव्हतं. चावीघरची वहिनीसुद्धा होती. तिच्या घरचे मासे मेले होते आणि तीच मिलमध्ये कोंडा वाहायची.

शेठ हात जोडून म्हणाला, "बहनजी, मुझे किसी से दुश्मनी नहीं. आप बस नाम दिखा दीजिए. बाकी सब को काम चालू."

आत्यानं लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला. या वेळी पदर ओढला नाही. एक ओळ टाइप केली आणि पडदा शेठकडे फिरवला. झाड उभं होतं. चिन्नोर, हिरानखी, लुचई, दुबराज, काळी कमोद.

"ये क्या है?"

"धान आहे. तुमाले ओळखू येत नाही?"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. शेठ हसला नाही. "खोलिए इसको."

आत्यानं खणातून पेन ड्राइव्ह काढला, सगळं झाड त्याच्यात उतरवलं आणि शेठच्या पुढे धरला. "न्या. घरी न्या, मुंबईले पाठवा, कोनालेही दाखवा. उघडलं तं मलेही सांगा, मी तुमच्या पाया पडाले येतो."

शेठनं तो घेतला नाही. दादा मध्ये पडला. "आत्या, हट्ट कायले करून राहिली? बायाइच्या पोटावर पाय येऊन राहिला."

"म्हनून तं बायाइले इचार ना. मले काऊन इचारतं?" आत्या म्हणाली. "गोष्ट ज्याची, मर्जी त्याची. मी फक्त राखनदार. आन तसंही मी एकटी उघडू शकत नाही. आतलं कुलूप याचं आहे."

आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

सगळं आंगण वळलं. मी त्या क्षणी तुळशीमागे सावली शोधत होतो. शेठचा आवाज एकदम मऊ झाला. त्याच्या मिलचं सगळं बिलबुकाचं काम माझ्या दुकानात होतं. "अरे भाईसाब, आप तो अपने ही हैं. आपको तो याद होगा पासवर्ड."

माझ्या खिशात स्कूटरची किल्ली होती, तिला चावी होती, आणि डोक्यात ते बदक पंख फडफडवत होतं. मी जे केलं ते मी आयुष्यभर करत आलो. शाळेत, बँकेत, बायकोसमोर. तोंड बावळं करून म्हणालो, "मले तं आठवतच नाही जी."

उत्तम उत्तर होतं. गावानं ते लगेच मान्य केलं, कारण मी विसरभोळा आहे अशी माझी जुनी कीर्ती आहे. दादा तर म्हणालासुद्धा, "याले सोताचा चष्मा आठवत नाही." विषय तिथेच संपला असता.

"खोटं कायले बोलून राहिला रे?" आत्या म्हणाली.

मला वाटलं, ती शेठला म्हणतेय.

"तुलेच म्हनतो. आठवते ना तुले? मंग आठवते म्हन. आठवते पन देत नाही म्हन. आपन का चोरी केली का, तोंड लपवाले? कुलूप आहे, चावी आहे, आन आपन देत नाही. उभा राहून सांग त्याले."

मी तुळशीमागून बाहेर आलो. "आठवते," मी म्हणालो. "पण देत नाही."

शेठ उठला. "ठीक है. सोमवार से गाड़ी दूसरे गाँव से आएगी." बायांमध्ये कुजबुज झाली. एक जण रडायला लागली. दादानं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की म्हशीचा व्यवहारसुद्धा त्याला त्या क्षणी कळला असावा. मला वाटलं, झालं. आम्ही दोघांनी मिळून, तत्त्वासाठी, गावाचं काम घालवलं. तत्त्व जेवायला वाढता येत नाही.

तेव्हा चावीघरच्या वहिनीनं तोंडावरचा पदर बाजूला केला.

"मॅडमबाई, माहीवाली उघडा."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. "इथं? यांच्यासमोर?"

"यायच्याचसमोर."

"इचार कर. उघडली का मंग बंद नाही होत."

"केला इचार. चार दिसापासून करूनच राहिली. उघडा."

आत्यानं आधी बाहेरचं कुलूप काढलं. मग मला जागा दिली. मी पेन ड्राइव्ह लावला, आणि सवयीनं शर्ट ओढून हात झाकायला गेलो, तर शर्ट तेवढा लांब नव्हता. बदकाचं वाक्य दोनदा चुकलं. आत्या कानाशी म्हणाली, "हळू. पळून नाही चाललं." तिसऱ्यांदा उघडलं.

लॅपटॉपमधून वहिनीचा आवाज आला, आणि समोर वहिनी उभी होती, ओठ मिटून, स्वतःचंच बोलणं ऐकत. कोंडा कधी सारतात, पाईपचं तोंड कोण उघडतं, पोत्यानं ते कसं झाकतात, मासे मेले त्या दिवशी मुकादम काय म्हणून हसला, सगळं. शेवटी आत्याचा आवाज होता, "तुयं नाव सांगू का त्याइले?" आणि वहिनीचा, "आता नोका सांगू. सांगायचं तवा मीच सांगीन."

"सांगितलं," समोरची वहिनी शेठला म्हणाली. "आता बाकीच्याइले कामावर ठेवा. मले काढा."

शेठ म्हणाला, "तुमको तो निकालूंगा ही. पर पूरी लिस्ट..."

"लिस्ट नाही भेटत," आत्या म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारी गाडी दुसऱ्या गावाहून आली, पण अर्धीच भरून, कारण बातमी गाडीच्या आधी त्या गावात पोचली होती. आमच्या गावातली एकही बाई गेली नाही. बोललेली नाही आणि न बोललेलीही नाही. हौदात धान भिजलेलं होतं. भिजलेलं धान कोणाची वाट बघत नाही. वेळेत काढून वाळवलं नाही तर सडतं. सडलं. शेठच्या मिलमध्ये असा वास सुटला की त्याच्याच मुनीमानं नाकाला रुमाल लावला. आमच्या तलावाचा वास त्याला पहिल्यांदा कळला असेल.

शेठ काही साधू झाला नाही. ऑफिसची माणसं आली, ढीग हलला, पाईप निघाला, आणि कामावर बाया परत घेतल्या गेल्या, एक सोडून. वहिनी परत गेली नाही, तिला बोलावलंही नाही. तिनं त्याबद्दल कधी हुंदका दिला नाही, पण ते वर्ष त्या घरानं कसं काढलं हे मी पाहिलं आहे. तलावात मासळीचं बी पुन्हा टाकलं. बाकीच्या फायली अजून बंद आहेत. शेठ अजून त्यांच्या मागे आहे, कारण त्याची सवय आहे, आणि बाया अजून त्याच मिलमध्ये आहेत.

आत्या गेली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिनं वहिनीला समोर बसवून तिची चावी बनवली, तिचा अंगठा माझ्यासमोर वाचून घेतला, आणि सगळ्या फायलींचं बाहेरचं कुलूप बदलून वहिनीच्या चावीचं केलं. नुसती नवी चावी नोंदवून भागत नाही, प्रत्येक फाईल उघडून पुन्हा बंद करावी लागते. वर आतलं कुलूप नीट चालतं ना, हेही तिला पाहायचं होतं, आणि त्याला मी लागतोच. तसा मी बसलो, पदर नसलेला, आरसा उलटा करून. एकही फाईल न ऐकता, फक्त उघड-बंद. आत्या खाटेवरून म्हणत होती, "हळू. पळून नाही चाललं." आता दाराच्या कुलपाची चावीही चावीघरी आणि फायलींच्या बाहेरच्या कुलपाचीही. हँडल आमच्याकडे, आतलं कुलूप माझ्याकडे. ज्याची गोष्ट आहे ती, आणि आम्ही दोघं, असे पाळीवर आलो तरच.

परवा शेठचा नवा मुनीम दुकानात आला. गोड पोरगा. झेरॉक्स काढता काढता म्हणाला, "काका, अब तो मॅडम भी नहीं रहीं. वो पुरानी फाइलें अब किस काम की? शेठ बोले, आपको याद हो तो..."

दुकानात गर्दी होती. तुळस नव्हती.

"आठवते," मी म्हणालो. "देत नाही." आवाज मधे चिरकला, पण वाक्य पुरं केलं. त्यानं कागद उचलले आणि गेला. बिलबुकाचं काम आता येणार नाही हे मला आणि मशीनला दोघांनाही कळलं.

मी लगेच वहिनीला फोन लावला.

"तुमीच कायवरून, भाऊजी?"

"वहिनी, मीच. ऐका, शेठचा मानूस आला होता, फायलींसाठी."

"मंग? काय म्हनलं तुमी त्याले?"

"म्हनलं, आठवते, पन देत नाही."

"नाही जी," वहिनी म्हणाली. "तुमी आमचे भाऊजी नाही. थे मॅडमबाईनं दटावल्याबिगर असं बोलत नाहीत. सांगा, कोन्या झाडावरून पडले होते?"